ब्रूनोचे केस, सर्जाची घुंगुरमाळ आणि मनीच्या मिश्या

मागच्या अंकात जुन्या साड्यांच्या गोधडीबद्दल लिहिताना मी सहज एक ओळ टाकली होती, की माझ्या गोधडीत एक ठिगळ आमच्या बंड्याच्या टॉवेलचं आहे. बंड्या म्हणजे आमचा कुत्रा, जाऊन सहा वर्षं झाली. तर गोधडीबद्दल पत्रं आली पाच आणि बंड्याच्या ठिगळाबद्दल ढीगभर. म्हणून या वेळी अस्तर, धावदोरा वगैरे बाजूला ठेवू, फक्त गेलेल्या आणि काही अजून असलेल्या जनावरांच्या आठवणींचं बघू. नेहमीसारखी माणसांची नावं छापत नाही, फक्त गाव.

पुण्याहून

ताई, आमचा ब्रूनो, गोल्डन रिट्रीवर, जानेवारीत गेला. साडेअकरा वर्षांचा होता. त्याला विंचरलं की निघणारे केस मी एका पिशवीत टाकत राहायचे, कुणीतरी सांगितलं होतं की बाल्कनीत ठेवले तर पक्षी घरट्याला नेतात, पक्षी काही आले नाहीत पण पिशवी भरली. आता ती टाकवत नाही आणि बघवतही नाही. ऑनलाइन एकजण कुरियरने केस मागवून रेझिनचं, म्हणजे काचेसारखं घट्ट होणाऱ्या द्रवाचं, पेंडंट करून देतात, पण केस अनोळखी माणसाकडे पाठवायचे म्हटलं की पोटात कालवतं. मी घरी काही करू शकेन का? शिवणकाम बटण लावण्यापुरतं येतं. नवरा म्हणतो काय वेडेपणा आहे, पण परवा तोच त्या पिशवीत नाक घालून बसला होता.

उत्तर: नवऱ्याला पिशवी लगेच देऊ नकोस, आधी एक काम कर. त्यातले मूठभर केस काढ, कागदाच्या पाकिटात घाल, वर ब्रूनोचं नाव नि तारीख लिही आणि कपाटात ठेवून दे. न धुता. या केसांचं काहीही करायचं नाही, नुसते ठेवायचे. वास त्यातच असतो आणि एकदा गेला की गेला. हे मी स्वतः ठेच खाऊन सांगतेय, बंड्या गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी शहाण्यासारखी त्याची चादर साबणाच्या पाण्यात भिजवून, घासून, पिळून वाळत घातली आणि संध्याकाळी दोरीवरून काढताना बघते तर ती कुणाचीही चादर झालेली. टॉवेल वाचला तो फक्त कारच्या डिकीत राहिला होता म्हणून. पाकीट कागदाचंच घे, प्लास्टिकमध्ये जराशी ओल राहिली तरी आपल्या पावसाळ्यात आत बुरशी धरते.

आता उरलेल्या केसांचं. गोल्डनच्या अंगावर दोन थर असतात, वरचे लांब केस आणि आतली मऊ लव, आणि विंचरताना जास्त करून ती आतली लवच निघते. म्हणजे तू पक्ष्यांसाठी म्हणून जे जमवलंस ते नेमकं कामाचं निघालं. कात्रीने कापलेले केस या कामाला तितके चांगले नाहीत, ते सुटसुटीत राहतात, एकमेकांत अडकत नाहीत. लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला की आवळून लहान मुलाच्या मापाचा होतो ना, तसंच काहीसं आपण सुईने मुद्दाम करायचं, याला फेल्टिंग म्हणतात. त्याची सुई वेगळी असते, टोकाजवळ बारीक खाचा असतात, आत-बाहेर टोचत राहिलं की केस खाचांत अडकून एकमेकांत गुंततात आणि हळूहळू कापसासारखा पुंजका घट्ट गोळा होतो. सुई ऑनलाइन मिळते, स्वस्त असते, चार-पाच एकदम मागव कारण तिरकी घुसली की मोडते. खाली जाड स्पंज घे. बोटं सांभाळ, हा सल्ला प्रत्येकजण देतो आणि प्रत्येकजण एकदा तरी टोचून घेतो.

धुवायचं असं, कोमट पाणी, शाम्पूचे दोन थेंब, केस नुसते बुडवून ठेवायचे, चोळायचे नाहीत, चोळले की तिथेच गुठळी. मग चाळणीत निथळून पंख्याखाली सावलीत दोन दिवस. नुसत्या कुत्र्याच्या केसांचा गोळा सैल होतो, म्हणून आत मेंढीच्या लोकरीचा गाभा कर आणि वरून ब्रूनो गुंडाळ, साधारण निम्मं-निम्मं. आणि हे बघ, पहिल्याच फटक्यात अख्खा ब्रूनो करायला जाऊ नकोस, त्याची मेंढी होते. मी केलीय. लिंबाएवढा चेंडू कर, त्याला तासभर लागेल, तो खिशात मावतो, हातात धरला की बोटांना ते कानामागचे केस ओळखू येतात. पुढे जमलं तर एक कान कर, फक्त कान. चेहरा करू नकोस, डोळे कधीच त्याच्यासारखे जमत नाहीत आणि मग ते शोकेसमधलं परकं खेळणं आपल्याकडे बघत बसतं.

नवऱ्याला वेडेपणा वाटत असेल तर त्याला हे सांग. अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कोस्ट सेलिश लोक खास लोकरीसाठी कुत्रे पाळायचे, मेंढ्यांसारखी त्यांची लोकर कातरायचे आणि त्यातून घोंगड्या विणायचे. त्यातल्या एका कुत्र्याची लोकरीसकट कातडी अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलीय, तो १८५९ साली गेला. त्याचं नाव मटन. आपल्याकडे कुणी कुत्र्याला हे नाव ठेवलं असतं तर रविवारी हाका मारताना पंचाईत झाली असती.

राहिलं रेझिन. घरी होतं, पण जुलैमध्ये करू नकोस. मी केलं होतं, भर पावसात, बंड्याच्या शेपटीचे केस घेऊन, हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं दुसरं द्रव, अंदाजाने ओतला आणि ते पेंडंट आजतागायत गुळासारखं चिकट आहे, केस आत अडकलेत ते निघतही नाहीत. तेव्हा कोरड्या हवेचे दिवस बघ, डब्यावर जे प्रमाण लिहिलंय ते नीट मोज, सावकाश ढवळ म्हणजे बुडबुडे कमी येतात, हातात ग्लोव्हज आणि खिडकी उघडी. केस अगदी कोरडे पाहिजेत. आठ-दहा केसांची बट दोऱ्याने बांध, साच्यात आधी अर्धं रेझिन ओत, ते जेलीसारखं झालं की बट ठेव, मग वरून उरलेलं, नाहीतर बट तळाला जाऊन बसते. पहिला प्रयोग स्वतःच्या कंगव्यातल्या केसांवर कर. आणि झालेलं पेंडंट खिडकीत टांगू नकोस, उन्हाने पिवळं पडतं.

डोंबिवलीहून

आमची मनी सतरा वर्षांची आहे, किडन्या गेल्यात, डॉक्टर म्हणाले आता महिने मोजायचे. एक दिवसाआड घरीच सलाईन लावतो. मला तिच्या पंजाचा ठसा घ्यायचाय पण जाऊबाई म्हणतात जिवंतपणी असलं काही घेऊ नये, अपशकुन असतो. व्हिडिओत मैदा-मिठाच्या गोळ्यात पंजा दाबून घेतात ते दाखवलंय, ते मांजराला चालेल का? मुळात ती पंजा धरूच देत नाही हे वेगळंच.

उत्तर: जाऊबाईंना सांगा, दिवाळीला उंबऱ्यापासून आत लक्ष्मीची पावलं काढतो, बाळाच्या पावलांचे ठसे हौसेने फ्रेम करून भिंतीवर लावतो, तिथे कुणाला अपशकुन आठवत नाही. उलट घ्यायचा तर आत्ताच घ्यावा. गेल्यावर घेता येतो, डॉक्टर मदतही करतात, पण काही तासांत अंग ताठरतं आणि तेव्हा आपले हातही जागेवर नसतात.

मैदा-मीठ मात्र नकोच. दोन वाट्या मैद्याला एक वाटी मीठ असतं त्यात, मांजर पंजा चाटणारच, आणि मिठाचा असा गोळा पोटात गेला तर धडधाकट जनावरालाही उलट्या, झटके येऊ शकतात, तुमच्या मनीच्या तर किडन्याच आजारी आहेत. आणि जनावराचं सोडा, डोंबिवलीच्या पावसाळ्यात तो ठसा टिकणार नाही, मीठ हवेतलं पाणी ओढतं, भाजून वार्निश लावलं तरी कुठूनतरी ओल शिरते आणि श्रावणात त्याला पाझर फुटतो.

मी सांगते तो प्रकार स्वयंपाकघरातला आहे. जाड कार्डपेपरला गेरूचे दोन हात द्या, गेरू कालवताना त्यात थोडा फेव्हिकॉल, म्हणजे हाताला रंग लागणार नाही. पूर्ण वाळू द्या. मग दोन चमचे तांदळाची बारीक पिठी, पाणी आणि खायच्या डिंकाचं पाणी चमचाभर, डोशाच्या पिठापेक्षा जरा घट्ट. वारली चित्रं अशीच, गेरूवर तांदळाच्या पिठीने काढतात. चाटलं तरी पोटात जाऊन जाऊन काय जाणार, तांदूळ.

आता पंजा. मांजराचा पंजा कागदावर आणायला जाऊ नका, कागद पंजाकडे न्या. सलाईनचा दिवस नको, त्या दिवशी तिला आधीच हात लावून घ्यायचा कंटाळा आलेला असतो. दुपारी ती आडवी होऊन डुलकी काढत असेल तेव्हा बोटानेच पंजाच्या गाद्यांना पीठ लावा, पातळ थर, केसांत नको, आणि पाठीला पाटी लावलेला कार्डपेपर हलकेच टेकवा, एकदा, सरळ, आणि सरळच काढून घ्या. पहिला ठसा फिसकटणार. चार-पाच कार्ड तयार ठेवा, एका दिवसात एकच प्रयत्न, ती उठून गेली तर जाऊ द्या. चार बोटं आणि मधली मोठी गादी उमटेल. नखं उमटणार नाहीत, मांजर नखं आत ठेवून चालतं, कुत्र्याची उमटतात. मग कोमट ओल्या फडक्याने पंजा पुसा. वाळलेली पिठी बोट लागलं की खपली धरून निघते म्हणून काचेच्या फ्रेममध्ये घाला, पण काच ठशाला टेकू देऊ नका, कडेने पुठ्ठ्याची पट्टी द्या.

खोलगट ठसाच हवा असेल तर शाडू. गणपतीच्या आधी कोपऱ्यावर मिळतो. अर्धा इंच जाड थापा, मऊसर असताना पंजा टेकवा, मनीला जाऊ द्या, पंजा पुसा, आणि मग त्या खळग्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओता. प्लास्टर थेट पंजाला कधीच लावायचं नाही, घट्ट होताना ते तापतं. पाण्यात पावडर टाकायची, पावडरीत पाणी नाही, एक भाग पाण्याला साधारण दोन भाग पावडर. अर्ध्या तासाने शाडू सोडवून घ्या, आत मनीचा पंजा निघतो, उंचवट्याचा, बोट फिरवता येतं त्याच्यावरून.

आणि एक राहिलंच, मिश्या. मांजराच्या मिश्या अधूनमधून आपोआप गळतात, ती जिथे झोपते तिथे, सोफ्याच्या खाचेत, उशीखाली बघा, पांढरी, जाड, मुळाशी टणक आणि टोकाला निमुळती. आजपासून केर काढताना जरा लक्ष ठेवा. कापायच्या मात्र बिलकूल नाहीत, अंधारात त्यांच्यावर तिचं बरंच काही चालतं. मिळालेल्या मिश्या अत्तराच्या रिकाम्या कुपीत घालून बूच लावा. माझ्या मावशीकडे अशी कुपी आहे, त्यात तीन मिश्या आहेत, तिन्ही वेगवेगळ्या वर्षांच्या, आणि तिच्या सोन्याच्या पाटल्यांशेजारी ठेवलेली असते.

आटपाडीकडून

राम राम ताई. नातवाकडून टाईप करून घेतोय. माझा सर्जा, खिलार बैल, सोळा वर्सं दावणीला होता, माघात गेला. जोडीतला राजा त्याच्या आधीच गेलेला. आता ट्रॅक्टर हाय, पुन्हा बैल करायचा न्हाई. माळ्यावर त्याची घुंगुरमाळ, म्होरकी, झूल आन् शिंगाच्या शेंब्या हायत. पोरगं म्हणतंय घुंगुरमाळ चिंच लावून लख्ख करू आन् हॉलात टीव्हीवर लावू, पावणं बघतील. मला ते कसंतरीच वाटतंय, पर का ते सांगता येईना. आन् यंदा बेंदराला, बैलांच्या सणाला, दावण रिकामी, काय करावं तेबी कळंना.

उत्तर: काका, राम राम. पोराचा हेतू चांगला आहे, त्याला रागावू नका, पण चिंच लावू देऊ नका. माळ एकदा उजेडात घेऊन बघा, गळ्याला घासणारी घुंगरं एका बाजूने गुळगुळीत झालेली असतील आणि बाहेरची तशीच खरबरीत, आणि चामड्याचा पट्टा आतून काळाभोर, घाम मुरून मुरून. ते सोळा वर्षांचं काम आहे सर्जाचं, ते पुसायला पोराला पंधरा मिनिटं पुरतील. तुम्हाला कसंतरी वाटतंय ते याचंच असेल असं मला वाटतं. शिवाय चिंचेचं पाणी चामड्यात उतरलं की पट्टा कडक होतो आणि दुमडला तिथे तडकतो.

कोरड्या फडक्याने धूळ झटका, बास. एखाद्या घुंगराला हिरवं चढलं असेल तर तेवढ्यालाच लिंबाची फोड बोटाने फिरवा आणि लगेच कोरडं करा. पट्ट्याला एरंडेलाचं बोट फिरवा, अगदी थोडं, दोन दिवसांनी परत एकदा. भिंतीला थेट टांगू नका, भिंत पावसात ओल धरते, एक फळी ठोका आणि फळीवर माळ. टीव्हीच्या वर नको असं माझंही मत, तिथे ती वाजणार नाही. दारामागे लावा की, येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागेल अशी. घुंगुरमाळ नुसती बघायला ठेवायची म्हणजे काय.

म्होरकी दोरीची असेल तर पत्र्याच्या डब्यात, सैल वेटोळं करून, कडुलिंबाचा वाळला पाला घालून. झूल धुवायची नाही, भरतकामाचा रंग सुटतो. सुटलेल्या आरशांना कडेने काजाचा टाका घाला, आणि मागून जुन्या धोतराचं अस्तर लावून घ्या, म्हणजे टांगली तरी भार भरतकामावर येणार नाही. माझ्याकडे एकांनी झूल कापून सोफ्याची उशी करून मागितली होती, मी नाही म्हटलं, त्यांनी दुसरीकडून करून घेतली, दोन वर्षांत आरसे गळून गेले. शेंब्या दोन आहेत ना, एक पोराला द्या, एक तुमच्याकडे ठेवा. किंवा नातवाला द्या, टाईप त्यानेच केलंय.

बेंदराचं म्हणाल तर मातीचे बैल पुजायचे हे तुम्हाला मी आटपाडीत सांगायचं म्हणजे काशीला गंगा नेण्यासारखं झालं. पण यंदा कुंभाराकडून आणू नका, तुम्ही करा, नातवाला शेजारी बसवून. कुंभाराकडून नुसती माती आणा, त्यात गोठ्यातली, सर्जा जिथे बसायचा तिथली मूठभर माती चाळून घाला, जास्त घातली तर वाळताना भेगा पडतील. काथ्या बारीक तोडून मळा, गणपती करणारे घालतात तसा, पाय मोडत नाहीत. वशिंड करताना हात आखडू नका, आणि गळ्याखालची पोळी पातळ चपटी करून नंतर चिकटवा, एकाच गोळ्यातून ओढली तर जाड राहते. शिंगं मातीची करू नका. खिलाराची लांब, मागे गेलेली शिंगं मातीत कधीच टिकत नाहीत, बाभळीचे काटे घ्या, पांढरे, जोडीने येतात तेच, माती ओली असताना खोचा. सर्जाचं एखादं शिंग दुसऱ्यापेक्षा जरा वाकडं होतं का हे तुम्हालाच माहीत, तसा काटा हुडका. सावलीत वाळवा, आठवडा लागेल, आषाढ आहे, घाई चालणार नाही. बेंदरादिवशी मग दावणीच्याच जागी पाटावर ठेवून पुरणपोळी दाखवा.

बोरिवलीहून

आमच्या बिल्डिंगखाली काळू नऊ वर्षं राहिला. कुणाचा म्हणाल तर कुणाचाच नाही, पट्टा नाही, लायसन्स नाही, पण रात्री गेटवर वॉचमनकाकांच्या खुर्चीखाली झोपायचा आणि त्यांच्या डब्यातली अर्धी पोळी त्याची ठरलेली. गेल्या महिन्यात गाडीखाली आला. वॉचमनकाका नेपाळचे, दिवाळीत कायमचे गावी चाललेत, आम्हा चार-पाच जणांना त्यांना काळूची म्हणून काहीतरी वस्तू द्यायचीय. पण त्याचं म्हणून होतं काय, एक चेपलेली अ‍ॅल्युमिनियमची वाटी आणि मोबाईलमधले फोटो. कमिटीतले एक सद्गृहस्थ म्हणाले रस्त्यावरच्या कुत्र्याचं कसलं स्मारक.

उत्तर: त्या सद्गृहस्थांना आतकूरचा दगड दाखवायला हवा. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर म्हणून गाव आहे, तिथे सुमारे ९४९-५० सालचा कन्नड वीरगळ, म्हणजे वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, सापडला, म्हणजे राष्ट्रकूटांचा तिसरा कृष्ण राज्य करत होता तेव्हाचा. मनलेर नावाच्या योद्ध्याने लढाईत पराक्रम केला आणि गंग राजा बूतुगाकडे बक्षीस काय मागितलं तर त्याची काळी नावाची कुत्री. हो, काळीच. ती पुढे रानडुकराशी झुंजताना डुकराला मारून मेली, तर मनलेराने तिच्यासाठी देवळासमोर दगड उभा केला, लेख कोरला, जमीन लावून दिली. तो दगड आता बेंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. तुम्ही कमिटीकडे एवढं काही मागत नाहीये, तुम्हाला एक वाटी हवीय.

तर वाटीच द्या. नवी नको, तीच, चेपलेली, पोचे न काढता. भांड्याच्या दुकानात नाव घालून देतात ना, लग्नातल्या ताटांवर घालतात तसं, तिथे नेऊन तळाशी बाहेरून "काळू" आणि त्याचं पहिलं नि शेवटचं साल घालून घ्या. अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, पातळही, तर दुकानदाराला सांगा खालून लाकडाचा ठोकळा धर नि हलक्या हाताने कर, नाहीतर आरपार जाईल. दुकानदार विचित्र नजरेने बघेल. बघू दे.

आणि हाताने काही करायचंच असेल तर मातीचा छोटा काळू करा, मुठीएवढा, अंग चक्राकार करून झोपलेला, झोपलेलं कुत्रं करणं सगळ्यात सोपं, पाय करावे लागत नाहीत. घरी सुकणारी एअर ड्राय क्ले चालेल. फोटोत त्याचा कान नीट बघा, नसबंदी झालेली असेल तर एका कानाच्या टोकाला खाच असेल, ती विसरू नका आणि तो कान डावा की उजवा ते फोटो उलटा तर नाही ना हे पाहून ठरवा, सेल्फी कॅमेऱ्याने फसगत होते. खुर्चीखाली झोपायचा म्हणता तर खुर्ची नको करायला, वॉचमनकाकांच्या घरी खुर्ची असेल, तिच्याखाली तो मावला पाहिजे बस.

देताना दिवाळीचा मुहूर्त आपोआप जुळतोय. नेपाळमध्ये तिहारात, म्हणजे तिथल्या दिवाळीत, एक अख्खा दिवस कुत्र्यांचा असतो, कुकुर तिहार, कपाळाला टिळा, गळ्यात झेंडूची माळ आणि खायला गोडधोड, मग पाळलेला असो की रस्त्यावरचा. त्यांना काही समजावून सांगावं लागणार नाही. फक्त ते निघायच्या आधी द्या, आयत्या वेळी बॅग भरून झाल्यावर नको, मातीचा काळू कपड्यांच्या मधोमध जायला हवा.

न्यू जर्सीहून

इथे व्हेटने आमच्या चिकूच्या पंजाचा क्लेमधला ठसा करून दिला होता. घर बदलताना त्याचे दोन तुकडे झाले. चिकटवू की तसेच ठेवू? आईला सांगलीला एक हवाय, तिचाच लाडका होता.

उत्तर: चिकटवा, पांढरा लाकडाचा गोंद घेऊन, कडांना पातळ थर, दोन्ही तुकडे जुळवून रबरबँडने बांधून एक रात्र. भेग बुजवू नका, वरून रंगही नको. चिकटायच्या आधी मात्र दोन्ही तुकड्यांचा अगदी जवळून, बाजूने उजेड पाडून फोटो काढा. आईसाठी ठशाचा साचा घ्यायचा तर ओली माती दाबू नका, तुमच्या क्लेला पाणी लागलं तर ती विरघळू शकते, दोन गोळे मळून घट्ट होणारी सिलिकॉन पुटी मिळते ती दाबा आणि त्यात प्लास्टर ओता. आईंना भेगेसकट कॉपी जाईल, त्या विचारतीलच कुठे पाडलंस म्हणून.

नाशिकहून

माझा नातू सहा वर्षांचा आहे. त्याचा गोल्डफिश गेला, तो पुरू देत नाही, मासा चार दिवस फ्रीझरमध्ये आइस्क्रीमच्या डब्यात आहे आणि सून माझ्यावर वैतागलीय कारण डबा मी दिला. त्याला माशाचं पेंडंट हवंय. काय करू?

उत्तर: आजी, माशाचं पेंडंट होत नाही, हे माझ्या नावावर सांगा, म्हणजे वाईटपणा माझ्याकडे. पण मासा फ्रीझरमध्ये आहे हे एका परीने बरंच झालं. जपानमध्ये कोळी पकडलेल्या माशाला शाई लावून त्याचा कागदावर ठसा घेत, ग्योताकू म्हणतात त्याला, आणि ते तुमच्या गोल्डफिशचंही होतं. रविवारी सकाळी सुनेला बाहेर कुठेतरी पाठवा. मासा डब्यातून काढून वितळू द्या, टिश्यूने हलकेच टिपून अगदी कोरडा करा, ओला राहिला तर सगळं पसरतं. खाली वर्तमानपत्र, शेपटी आणि पर टाचणीने जरासे फाकवून ठेवा. नारिंगी वॉटरकलर, पाणी कमी, डोक्याकडून शेपटीकडे ब्रशने पातळ लावा, डोळ्यावर लावू नका. मग पतंगाचा पांढरा कागद वर टाकून बोटांनी हळूहळू दाबत जायचं, हे काम नातवाचं, त्याची बोटं बारीक आहेत, खवल्यांवरून नीट फिरतात. कागद सोडवायचा शेपटीकडून. पहिले दोन ठसे लिबलिबीत येतील, तिसरा चांगला येतो. मग मासा जास्वंदीच्या कुंडीत खोलवर, मांजर उकरणार नाही असा, आणि दोघांनी हात साबणाने धुवायचे. डोळ्याची जागा ठशात पांढरी राहिलेली असेल, कागद वाळला की ब्रश त्याच्या हातात द्या आणि डोळा त्यालाच काढू द्या.